आधी स्लाईड, मग इंजेक्शन

गाईच्या कानाच्या कडेची शीर बारीक असते. तिथले केस कात्रीने उतरवायचे, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, जागा वाळू द्यायची आणि मग सुई टोचायची. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीच्या कडेने झटक्यात पुढे सरकवला, की पातळ थर उमटतो. जनावरांच्या रक्तातल्या परजीवींवर संशोधन करताना बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गोठ्यांत माझं निम्मं काम हेच होतं. उरलेलं निम्मं प्रयोगशाळेत.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आणि संकरित गाई, सुपे-मोरगावकडच्या जिरायतीत शेरडं-मेंढरं. आपल्या खिलारला थायलेरिया या परजीवीचा गोचीडताप सहसा सोसतो. होल्स्टीनच्या रक्ताची कालवड मात्र त्यात बघता बघता जाते. हा ताप पसरवणारी हायलोमा जातीची गोचीड सगळा वेळ जनावराच्या अंगावर नसते. कात टाकायला ती भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांदीत शिरते. म्हणून नुसतं जनावर फवारून भागत नाही, गोठाही फवारावा लागतो.

सणसरच्या बाजूला एका गोठ्यात कालवड खाली बसून होती. ताप, रवंथ बंद, डोळ्यांची आतली कातडी पांढरी फटक, खांद्यापुढची गाठ सुजून टणक झालेली. मी सुई काढली तशा मालकीणबाई पुढे आल्या. "ताई, आधीच तिच्या अंगात रगत न्हाई, आन् तुम्ही आणिक काढताय?"

"काकू, एकच थेंब लागतो."

त्याआधी दोन दिवसांत तिला अंदाजाने इंजेक्शनं देऊन झाली होती. नेमकी कशावर, ते कुणालाच सांगता येईना. याची मला फार चीड येते. गोठ्यात ज्याला सरसकट 'गोचीडताप' म्हणतात, त्यात निदान तीन वेगळे आजार असतात. थायलेरियाला बुपार्वाक्वोन लागतं, बबेसियाला डिमिनाझीन, तर अ‍ॅनाप्लाझ्मा हा मुळात जिवाणू, त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन. लघवी लाल झाली तर बबेसियाचा संशय घेता येतो. पण नुसता ताप आणि फिकटपणा तिन्हींत असतो. चुकीचं औषध दिलं की पैसे जातात आणि त्याहून महाग म्हणजे वेळ जातो.

थर वाळल्यावर मिथेनॉलमध्ये पक्का करायचा, मग अर्धा तास जिम्सा रंगात ठेवायचा. पावसाळ्यात दमट हवेने थर सावकाश वाळतो आणि तांबड्या पेशींवर चमकदार ठिपके येतात. नवख्याला तेच परजीवी वाटतात. शंभरच्या भिंगाखाली तेलाचा थेंब टाकून मी त्या कालवडीची स्लाईड सरकवू लागले. गुलाबी-राखी पेशींच्या आत बारीक अंगठ्या, काही स्वल्पविरामासारख्या. निळसर अंग आणि एका टोकाला जांभळा ठिपका. थायलेरिया. बबेसिया असता तर पेशीत नाशपतीच्या आकाराची जोडी टोकाला टोक लावून दिसली असती. अ‍ॅनाप्लाझ्मा असता तर पेशीच्या अगदी काठाला गडद टिंब. डॉक्टरांना लगेच फोन केला. त्याच संध्याकाळी त्यांनी बुपार्वाक्वोन दिलं आणि कालवड वाचली. अशी प्रत्येक वाचत नाही. रक्त फार उतरल्यावर योग्य औषधही हात टेकतं.

ट्रिपॅनोसोमा या परजीवीमुळे होणाऱ्या सर्रा आजाराचं तंत्र निराळं. उजनीच्या फुगवट्याकडच्या म्हशी तपासताना मी ताज्या रक्ताचा थेंब न रंगवताच पाहायचे, कारण हा परजीवी जिवंत असताना तांबड्या पेशींना ढकलत वळवळतो आणि त्या हालचालीवरूनच सापडतो. तो पसरवतात चावऱ्या माश्या, गोचीड नव्हे. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स यांनी तो घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला. माणसाच्या रक्तात या जातीचा निभाव लागत नाही असं मानलं जायचं. पण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला आणि 2005 मध्ये त्याची नोंद जगापुढे आली. परजीवीला मारणारं एक प्रथिन त्या शेतकऱ्याच्या रक्तात नव्हतं, हे पुढे सिद्ध झालं. तेव्हापासून गोठ्यातली तपासणी मला फक्त जनावरापुरती वाटत नाही.

स्लाईडलाही मर्यादा आहे. बरी झालेली गाय थायलेरिया अंगात बाळगून राहते, पण रक्तात तो इतका विरळ असतो की भिंगाखाली हाती लागत नाही. तिथे पीसीआर लागतो. धडधाकट दिसणाऱ्या अशाच गाईवरून गोचीड तो शेजारच्या कालवडीला देते.

पशुपालकांना माझं एकच सांगणं आहे. जनावर तापलं, खांद्यापुढची गाठ सुजली की डॉक्टरांना पहिली सुई टोचण्याआधी कानाच्या रक्ताची स्लाईड करायला सांगा. औषध अंगात गेल्यावर परजीवी कमी दिसतात आणि निदान अवघड होतं. स्लाईड तालुक्याच्या दवाखान्यात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोचवा. आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा पावसाळ्याआधी लिंपून घ्या.