घोर

भाषाविज्ञानाच्या अभ्यासात तुम्ही मुखातील उच्चारणस्थाने शिकला असाल. मी ती गेली तीस वर्षे शिकवते आहे. फळ्यावर माणसाच्या डोक्याचा उभा छेद काढायचा आणि ओठ, दात, दंतमूल, कठोर तालू, मृदू तालू, पडजीभ, जिभेचे मूळ असे दाखवत खडू घशापर्यंत न्यायचा. मृदू तालू वर उचलला गेला की नाकाची वाट बंद होते आणि ‘ब’ उमटतो. तो खाली राहिला की ओठांच्या त्याच मिटणीतून ‘म’ बाहेर पडतो. एवढ्याशा मांसल पडद्याच्या हालचालीवर ‘बाळ’ आणि ‘माळ’ यांतला फरक उभा आहे, हे सांगताना मला अजूनही आनंद होतो. हाच मृदू तालू आणि हेच जिभेचे मूळ झोपेत सैल पडून माझा श्वास अडवतात, हे मात्र मला वयाच्या ५४व्या वर्षी कळले.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ‘ॲप्निया’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ श्वास नसणे. त्यातला आरंभीचा ‘अ’ आपल्या ‘अज्ञान’मधल्या ‘अ’चा दूरचा नातेवाईक आहे. तपासणीसाठी डोक्याला, छातीला, बोटाला तारा जोडून मला एक रात्र झोपवण्यात आले. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला अथवा फार उथळ झाला, तर ती एक नोंद. तासाला ३० नोंदी झाल्या की विकार तीव्र समजतात. माझ्या नोंदी ४१ होत्या. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा माझा श्वास अडत होता आणि मी मात्र ‘हल्ली फार थकवा येतो’ असे सांगत फिरत होते.

यावर जे यंत्र वापरतात त्याला सीपॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत १९८१ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडली. पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी, एक नळी आणि नाकावर बसणारा मुखवटा. त्यातून औषध येत नाही, प्राणवायूही येत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने येते आणि घशाच्या भिंती एकमेकींना चिकटू देत नाही. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजतात. माझा ११ सेंटिमीटर. घरी मी ते यंत्र मुकाट्याने लावू लागले. घराबाहेर मात्र ते कोणाला दिसू दिले नाही.

घोरणारा पुरुष आपल्याकडे विनोदाचा विषय होतो. घोरणारी बाई विनोदातही बसत नाही. तिच्याविषयी कोणी बोलतच नाही. मुक्कामाची चर्चासत्रे मी टाळली. भाचीच्या लग्नात हॉलवर सगळ्या बायकांची निजण्याची एकच खोली आहे असे कळल्यावर रात्री साडेअकराला गाडी करून घरी परतले. अशी तीन वर्षे गेली. मग ताईने बोटीचा हट्ट धरला.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने रत्नागिरीला गेल्याच्या तिच्या आठवणी आम्ही शेकडो वेळा ऐकल्या आहेत. डेकवर सतरंज्या अंथरायच्या, अनोळखी माणसांच्या शेजारी पडायचे, उलट्या, मासळीचा वास, आणि रात्रभर कोणा ना कोणाचे घोरणे. भाऊजी गेल्यापासून ती फारशी कोठे गेली नव्हती. आता मुंबईहून गोव्यामार्गे लक्षद्वीपला जाणाऱ्या मोठ्या बोटीची जाहिरात तिने पाहिली आणि मला फोन केला. “माझ्याबरोबर तूच चल. एका केबिनमध्ये राहू.” तिला नाही म्हणणे मला जमले नाही.

असे यंत्र घेऊन बोटीने जाणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे. यंत्र हातातल्या पिशवीत असावे, कारण धक्क्यावर सोपवलेली मोठी बॅग केबिनमध्ये कधी पोहोचेल याचा भरवसा नसतो. हवा दमट ठेवण्यासाठी यंत्रात डिस्टिल्ड वॉटर घालतात. नळाच्या पाण्यातील क्षारांचा थर आत साचतो. ते पाणी बोटीवर मिळावे म्हणून मी आधी लेखी कळवले होते. एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. बॅलार्ड पिअरला सामानाच्या तपासणीत माझा एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेण्यात आला. माझा चेहरा पाहून तिथल्या तरुण अधिकाऱ्याने कारण सांगितले. बोटीवरची वीजव्यवस्था घरासारखी जमिनीशी जोडलेली नसते; विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणारे बोर्ड तिथे उलट तापून पेट घेऊ शकतात, आणि समुद्रावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. मला ते पटले. पटले तरी केबिनमध्ये सॉकेट आरशाच्या टेबलाशी होते, पलंगांची उशी समोरच्या भिंतीला, आणि माझी नळी जेमतेम सहा फुटांची. पाणीही आले नव्हते. ‘उद्या नक्की’ असे सांगण्यात आले.

एका रात्रीने काय होते, असे मी ताईला म्हणाले. तुम्हाला खरे सांगते, पाणी आणि सॉकेट ही निमित्ते होती. पाण्यावाचून यंत्र चालते, फक्त घसा कोरडा पडतो. पलंगावर उलट्या बाजूला डोके करून झोपता येते. पण ताईसमोर तो मुखवटा चढवायचे टळले म्हणून मला हायसेच वाटले. संध्याकाळी आम्ही वरच्या डेकवरून प्राँग्ज दीपगृह मागे पडताना पाहिले, जेवलो आणि झोपलो.

रात्री तीनच्या सुमारास खांद्यावर हात पडला. केबिनमधला लहान दिवा लागलेला होता. ताई माझ्या पलंगाच्या कडेला बसली होती, आणि ती बऱ्याच वेळापासून बसली असावी.

“अठ्ठावीस,” ती म्हणाली. “अठ्ठावीस मोजले गं मी. मग राहवलं नाही.”

मी काही बोलले नाही.

“ह्यांचंही असंच व्हायचं. घोरता घोरता एकदम शांत. मी अंधारात आकडे म्हणत बसायची. वीसपर्यंत गेले की हलवायची. वर्षानुवर्षं.” मग बराच वेळ थांबून ती म्हणाली, “त्या रात्री मला डोळा लागला होता.”

भाऊजी पहाटे झोपेतच गेले, हे आम्हा सर्वांना माहीत होते. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला होता. त्यांच्या घोरण्यावर आम्ही किती हसलो होतो! दिवाळीत सगळे एकत्र निजलो की मी स्वतः त्यांची नक्कल करून दाखवत असे; माझ्या ध्वनिविज्ञानाचे तेवढेच घरगुती प्रात्यक्षिक. ताईही हसायची. ती रात्री जागी असते, हे तिने कधी कोणाला सांगितले नाही. भाऊजी जाऊन बारा वर्षे झाली होती, आणि बारा वर्षे ती असे मानत आली होती की आपण मोजायचे चुकलो.

सांत्वनाचे शब्द मला सुचले नाहीत. मला एक वस्तुस्थिती ठाऊक होती, ती मी सांगितली. म्हटले, “ताई, श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो. ते मेंदूला कळतं आणि तो झोपणाऱ्याला क्षणभर जागं करतो. घसा उघडतो, फुर्र होतं आणि श्वास सुरू होतो. माझं तासाला एक्केचाळीस वेळा होतं. मला कोण उठवतं? भाऊजींनाही त्यांचा मेंदूच उठवत होता. तू उठवलंस तरी, आणि तू झोपलीस तरी.”

“म्हणजे माझ्या मोजण्यानं काही होत नव्हतं?”

“नाही.”

हे वाक्य कठोर होते, हे बोलून झाल्यावर मला कळले. तिच्या इतक्या वर्षांच्या जागरणाला मी एका शब्दात निरर्थक ठरवले होते. ती खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बरं झालं सांगितलंस,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ती रडली असेल, तर मला ऐकू आले नाही; बोटीच्या इंजिनाची घरघर सारखी चालू होती.

मी जागीच होते. ‘घोरणे’ या क्रियापदामागे घुरघुर, गुरगुर यांसारखा आवाजच आहे. ‘जिवाला घोर लागणे’ यातला ‘घोर’ वेगळा. तो भयंकर या अर्थाच्या संस्कृत विशेषणाचे मराठीत झालेले नाम. दोन शब्दांचे केवळ रूप जुळले आहे, नाते नाही. उत्तरपत्रिकेत हे नाते जोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण मी कापले आहेत, आणि यापुढेही कापेन. त्या रात्री मात्र एकाच केबिनमध्ये एक शब्द माझ्या वाट्याला आणि दुसरा ताईच्या वाट्याला आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याची बाटली आली. रात्री ताईनेच माझी उशी पायथ्याकडे ठेवली, नळीला पीळ पडला आहे का ते पाहिले, आणि मुखवट्याचा पट्टा मागून सरळ केला, लहानपणी वेणीची रिबीन करायची तसा. यंत्र सुरू झाले. मुखवटा लावल्यावर मला नीट बोलता येत नाही. तोंड उघडले की हवा बाहेर पळते. ते पाहून ती हसली. “हत्तीसारखी दिसतेस,” म्हणाली. मग तिने काही वेळ कान देऊन तो संथ आवाज ऐकला आणि दिवा मालवला.

मला झोप लागण्याआधीच समोरच्या पलंगावरून घोरण्याचा आवाज येऊ लागला. प्रथम वाटले, शेजारच्या केबिनमधला असावा. तसा तो नव्हता. चांगला खर्जातला, लांब ओढीचा होता. आणि मग तो थांबला. मी मुखवट्याआड अंधारात पडल्या पडल्या मोजू लागले. चौदा झाले तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.

सकाळी यंत्राच्या पडद्यावर माझ्या नोंदींचा आकडा २ दिसत होता. तो मी ताईला दाखवला आणि तिला तिच्या रात्रीविषयी सांगितले.

“मी? छे! मी नाही बाई घोरत,” ताई म्हणाली, आणि चहाला निघाली.

परतल्यावर मी तिच्या नावाने तपासणीची तारीख घेतली आहे. येईन म्हणते, पण पुढच्या आठवड्यात.