आठ मिलिग्रॅम

यूजीन गोल्डवासर यांचे संशोधन बहुतांशी कच्च्या मालाच्या शोधात गेले. त्यांना हवे होते एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ. रक्तात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडे हे संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी झपाट्याने तयार होऊ लागतात. निरोगी शरीरात दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी जन्मतात. त्यांचा वेग ठरवणारे हे प्रथिन मात्र रक्तात नावापुरतेच असते.

1955 मध्ये शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन यांनी हे संप्रेरक वेगळे काढण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. गोल्डवासर यांना ते काही महिन्यांचे वाटले होते. आधी ते शरीरात बनते कुठे, हे पाहिले गेले. उंदरांचा एकेक अवयव काढून टाकायचा, मग तांबड्या पेशी वाढवण्याची त्यांची क्षमता उरते का ते तपासायचे. मूत्रपिंडे काढली तेव्हाच ती गेली. हा निष्कर्ष 1957 चा.

पुढची पायरी शुद्धीकरणाची, आणि तिथे गाडे रुतले. मेंढ्यांना औषध टोचून रक्तक्षय घडवायचा आणि त्यांच्या रक्तातून ईपीओ गाळायचे, असे वर्षानुवर्षे चालले. 1971 मध्ये मेंढीचे ईपीओ हाती आले, पण अगदीच चिमूटभर. आणि औषधासाठी हवे होते माणसाचे.

रक्तातलाच एखादा पदार्थ तांबड्या पेशी वाढवतो, ही कल्पना मुळात पॅरिसची. रक्त काढलेल्या सशाचा रक्तद्रव दुसऱ्या सशाला दिला तर त्याच्या तांबड्या पेशी वाढतात, असे तिथल्या कार्नो आणि डफ्लांद्र या संशोधकांनी 1906 मध्येच मांडले होते. इतरांना तो प्रयोग नीट जमला नाही आणि विषय कित्येक वर्षे संशयात राहिला. 

कोंडी फुटली ती जपानमुळे. कुमामोतोचे डॉक्टर ताकाजी मियाके अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांचे मूत्र साठवत होते. या आजारात अस्थिमज्जा जवळजवळ बंद पडलेली असते. पेशी वाढत नाहीत म्हणून मूत्रपिंडे ईपीओ सोडतच राहतात; ते ऐकणारे कोणी नसते आणि बरेचसे मूत्रावाटे निघून जाते. असे 2550 लिटर मूत्र आटवून उरलेला कोरडा अर्क मियाके यांनी 1975 च्या नाताळात शिकागोला आणला. पामर हाउस हॉटेलमध्ये त्यांनी तो गोल्डवासर यांच्या हवाली केला, पोथी बासनात बांधावी तसा रेशमी वस्त्रात बांधून. ईपीओच्या इतिहासात नावे येतात ती शास्त्रज्ञांची आणि कंपन्यांची. ज्यांच्या मूत्रातून हे आले, त्यांच्या स्वतःच्या शरीराला त्याचा उपयोग नव्हता, आणि त्यांची नोंद आहे ती लिटरमध्ये.

मियाके, चार्ल्स कुंग आणि गोल्डवासर यांनी 1977 मध्ये त्यातून सुमारे 8 मिलिग्रॅम शुद्ध मानवी ईपीओ मिळवले. रेशमी बासनातला ऐवज तो एवढा. त्यावर ना गोल्डवासर यांनी पेटंट घेतले, ना विद्यापीठाने. त्यांनी हा साठा अ‍ॅम्जेन या नव्या कंपनीच्या कामासाठी दिला. तिथे फू-कुएन लिन यांनी प्रथिनाच्या रचनेवरून 1983 मध्ये त्याचे जनुक शोधले. मग ईपीओ प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधून हवे तेवढे मिळू लागले. 1989 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि त्यावर अब्जावधी डॉलर उभे राहिले. गोल्डवासर यांच्या प्रयोगशाळेला त्यातला किरकोळ वाटा जरी मिळाला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते.

डायलिसिसवरच्या रुग्णांची वारंवार रक्त चढवण्यातून बरीचशी सुटका झाली. आज त्यांच्या घरी ते ‘हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन’ असते. त्याचा गैरवापरही झाला. 1998 च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये ईपीओमुळे सायकलशर्यतीची अब्रू गेली. हिमोग्लोबिन फार वर नेल्यास पक्षाघात आणि रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो, हे नंतर स्पष्ट झाले आणि 2007 मध्ये अमेरिकेत औषधावर कडक इशारा छापला गेला.

गोल्डवासर 2010 मध्ये वारले. प्राणवायू कमी झाल्याचे पेशीला कळते कसे, हे ईपीओच्या जनुकाचाच माग काढत ग्रेग सेमेन्झा आणि पीटर रॅटक्लिफ यांनी उलगडत नेले; विल्यम केलिन वेगळ्या वाटेने, कर्करोगाच्या अभ्यासातून तिथेच पोहोचले. तिघांना 2019 चे नोबेल मिळाले. त्या ज्ञानातून निघालेल्या गोळ्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना आता भारतातही मिळतात.