जास्तीचे दोन फूट

किल्लारीच्या भूकंपात आमच्या गावात नुसत्या भिंती तडकल्या, माणूस कुणी गेलं नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर अण्णा माळवदाखाली कधी निवांत झोपले नाहीत. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचा थर. तिकडं माणसं मेली ती असल्याच घरांखाली. दीड वर्षानं त्यांनी माळवद उतरवलं आणि विटांचं, स्लॅबचं घर काढलं.

मिस्त्री शेजारच्या गावचे. माल आमचा, मजुरी त्यांची, २२,००० रुपयांत उक्तं ठरलं. कागद-बिगद काही नाही. पाया चार फूट, त्याखाली जावं लागलं तर फुटाला १,२०० रुपये जास्तीचे. अट काही वावगी नव्हती. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. जुन्या भिंतींचेच दगड पायात जायचे होते. मी तेव्हा नववीत. अण्णांनी माझ्या हातात एक वही दिली आणि म्हणाले, "रोज किती पोती शिमिट गेलं ते लिहीत जा. आणि काय काम झालं तेबी."

पाया खोदून भरला त्याच आठवड्यात अण्णा आजीला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात होते. तेवढीच पानं कोरी राहिली, कारण मीही त्यांच्यासंगं गेलो होतो.

घरभरणी चार दिवसांवर आली, पाहुण्यांना सांगून झालं, आणि मिस्त्रींनी उंबरा बसवायचा ठेवून हिशेब मांडला. पाया सहा फूट गेला, त्याचे २,४००. खिडक्यांच्या वरून चहूकडं फिरवलेल्या काँक्रीटच्या पट्ट्याचे ९००. पाणी मारायची मजुरी ५००. एकूण ३,८०० रुपये. आईच्या पाटल्या आधीच सोसायटीच्या सेक्रेटरीच्या ओळखीनं सोनाराकडं गेल्या होत्या.

आई एरवी परक्या माणसापुढं बोलायची नाही. त्या दिवशी पदर खोचूनच बाहेर आली. "स्लॅबवर मातीचे वाफे करून तीन आठवडे पाणी मी भरलंय मिस्त्री. हिरीवरनं. घागरी मोजल्या नाहीत एवढीच माझी चूक."

"र्‍हाऊ द्या वहिनी, ते सोडलं," मिस्त्री लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की मलाही कळलं, ते पाचशे सोडण्यासाठीच मांडले होते.

पायाचं मात्र ते सोडेनात. पाया तर गाडला गेलेला; मापायचा कसा? अण्णा काही बोलले नाहीत. उठून घरामागं गेले. तिथं मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा खणलेला होता, अजून दगड भरायचे होते. अण्णा धोतर सावरून त्यात उतरले. काळी माती त्यांच्या छातीपर्यंत, आणि तिथून खाली पिवळा मुरूम, दोरी लावल्यासारखा.

"मिस्त्री, इथं चार फुटांवर मुरूम हाय. दहा पावलांवर तुम्हाला सहा फूट कसं जावं लागलं?"

"जमीन एकसारखी नसती अण्णा."

"खरंय. मग त्या कोपर्‍याला बाहेरनं उकरू. सहा फुटांवर दगड लागला तर तुमचे २,४०० आणि वर उकरल्याची मजुरी. पोरा, टिकाव आण."

मी टिकाव आणला. मिस्त्रींनी बिडी काढली, दोन काड्या वाया घालवल्या. "शुभ कामाच्या तोंडावर घराचा कोपरा कशाला उकरायचा," एवढंच म्हणाले. २,४०० गेले.

मला चेव चढला. मी वही उघडून पट्ट्याचं पान काढलं. "हेबी ठरलं नव्हतं अण्णा. चार फूट पाया, भिंती, स्लॅब, एवढंच बोलणं झालं होतं."

अण्णांनी वही घेतली आणि मोठ्यानं वाचायला लावली. माझ्याच अक्षरात होतं: 'आज पट्टा. शिमिट ११ पोती. अण्णांनी सांगितला.' भूकंपाच्या भागात फिरणार्‍या इंजिनियरनं असा पट्टा घालायला सांगितलं होतं, आणि अण्णांनी भिंती अर्ध्या झाल्यावर तो घालायला लावला होता. त्यासाठी दोन दिवस जास्तीची माणसं लागली, हेही खालीच लिहिलेलं.

"मी सांगितलं ना? मग ९०० त्यांचे," अण्णा म्हणाले. मला तेव्हा ते अजिबात पटलं नाही. जिंकलेल्या भांडणात पैसे कशाला द्यायचे, असं वाटलं.

घरभरणीला मिस्त्रींना टोपी-टॉवेल, कापड असा पूर्ण आहेर केला. ते जेवले, पण पंगतीत अण्णांकडं बघून बोलले नाहीत. नंतर गावातल्या दुसर्‍या दोन घरांची कामं त्यांनीच केली. लोक त्यांना आधी शोषखड्डा खणायला सांगत, असं अण्णा हसत सांगायचे; ते कितपत खरं, देव जाणे.

बर्‍याच वर्षांनी नळाची पाइपलाइन घालताना तोच कोपरा उकरावा लागला. मी फूटपट्टी घेऊन खाली वाकलो. साडेतीन फुटांवर पाया संपत होता. चारसुद्धा नव्हता. मी अण्णांना हाक मारून दाखवलं.

त्यांनी वरूनच डोकावून विचारलं, "खाली मुरूम हाय ना?"

"हाय."

"मग बुजव."