कॅमेऱ्यामागचे श्रम

१९१० साली इंग्लंडमधील विगनच्या कोळसा खाणीवर एका खाणकामगाराचा दिवस दाखवणारा मूकपट तयार झाला. कोळसा निवडणाऱ्या स्त्रियाही त्यात दिसतात. तशा चित्रणाचे जवळचे उदाहरण आपल्याकडे शोधायचे, तर नाशिकला यावे लागते.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये दादर सोडून नाशिकला आले. १९१७ मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला. नटांना सूचना देणारे, फिल्म पारखणारे फाळके त्यात स्वतःच कामगार आहेत. देवदेवतांच्या कथा रंगवणाऱ्या माणसाला हा विषय सुचावा, हे विलक्षणच!

त्याआधी दादरला, ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळचे एक काम मात्र कॅमेऱ्यापुढे येणे कठीण होते. कच्ची फिल्म तेव्हा कडेच्या छिद्रांविना येई, आणि छिद्रे नसतील तर ती कॅमेऱ्यात सरकत नसे. सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात ती छिद्रे पाडत; दिवसा ६०-७० माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. छिद्रे पाडण्याचे ते काम चित्रित करण्यासाठी दिवा लावला असता, तर हातातली फिल्मच वाया गेली असती.