जवाची वाटी

उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची आमच्या घराची रीत. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की 'मी' जड जातो आणि 'आम्ही' आपोआप उतरतो. वाचकांनी त्याला मोठेपणा समजू नये. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो, आणि ही हकीकत आमच्याच चुकीची आहे.

आमचा मुलूख ज्वारीचा. कडक भाकरी, शेंगाची चटणी हे आमचं रोजचं जेवण. जव घरात यायचा तो वर्षातून एकदा, मोहरमच्या खिचड्यासाठी. गहू, जव, डाळी आणि गोश्त रात्रभर देगेत शिजायचं, घोटायचं. त्यातला जव कोणता, हे कधी कुणी विचारलं नाही.

2018च्या पावसाळ्यात अब्बांचा इंतकाल झाला. अम्मी इद्दतीत बसली. पहिले तीन दिवस नातेवाइकांच्या गर्दीत गेले. मग घर रिकामं झालं आणि आमच्या लक्षात आलं, अम्मी जेवतच नाही. ताट पुढं केलं की म्हणायची, "मेरेकू भूक नै, बेटा. तुम खाओ." चहा आणि दोन घास, यावर आठवडा गेला.

तेव्हा आम्हाला तलबिन्याची हदीस आठवली. बुखारी शरीफमध्ये ती आहे. घरात मौत झाली, भेटायला आलेल्या बायका परतल्या आणि जवळची माणसं तेवढी उरली की हजरत आयशा तलबिना शिजवायला सांगत. तो आजाऱ्याच्या दिलाला आराम देतो आणि गम थोडा हलका करतो, असं त्यांनी रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडून ऐकलं होतं. तलबिना म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज. 'लबन' म्हणजे दूध, त्यावरून हे नाव, कारण ती दुधासारखी पांढरी दिसते.

शाळेत मुलांना आम्ही हे कितीदा सांगितलं होतं. घरी कधी केलं नव्हतं. किराणा दुकानात गेलो तर दुकानदारानं 'सातूचं पीठ' लिहिलेली पुडी दिली. घरी येऊन वाचलं तर आत गहू आणि डाळवं! मराठीत सातू म्हणजे जवच, पण त्या नावाच्या पिठात आता बहुतेकदा तो नसतोच. दुसऱ्या दिवशी आख्खा जव आणला. गिरणीत दुसरं पीठ मिसळेल म्हणून शेजारच्या काकूंनी तो स्वतःच्या जात्यावर दळून दिला. वाटी घेऊन त्याच आत आल्या. अम्मीजवळ बसून म्हणाल्या, "भाभी, हे गेले तेव्हा मलाही घास उतरत नव्हता. आमच्यात श्राद्धाला तीळ आणि सातू लागतात. आता तुमच्याकडंही सातूच आलाय बघा. घ्या दोन चमचे."

अम्मीनं घेतले. दोनाचे चार झाले. भाकरी गळ्यात अडकत होती, पेज उतरली. महिन्याभरात ती पुन्हा जेवायला लागली. पेजेनं किती केलं आणि काकूंच्या रोज येऊन बसण्यानं किती, याचा हिशेब आम्हाला मांडता येणार नाही.

इथवर सगळं चांगलं होतं. चूक पुढं झाली. अम्मीला दहा वर्षांपासून शुगर. पेजेनं बरं वाटतं म्हणून ती सकाळ-संध्याकाळ घेऊ लागली, तीही दोन चमचे मध घालून. आम्ही खुशीत होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला जवाची तारीफ ऐकवत होतो, शुगर, कोलेस्टेरॉल, सगळ्यावर इलाज आहे म्हणून. अम्मी ऐकत होती. तिनं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. एके दिवशी मोरीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात साखर 380 निघाली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती आमच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "इन्होंने बोले ना, जौ में शिफा है."

ते बोट आम्ही विसरलेलो नाही. बी.एड. करून वर्गात उभं राहणाऱ्यानं अर्धी गोष्ट सांगितली तर काय होतं, ते त्या दिवशी कळलं. मग पुरी गोष्ट समजून घेतली.

जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा चोथा असतो. पोटात पाण्याशी मिळून तो चिकट होतो, म्हणून जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पित्तातले काही घटक तो आपल्याबरोबर बाहेर नेतो. ते पुन्हा बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं आणि त्याचं प्रमाण थोडं उतरतं. रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावं असा हिशेब आहे. त्याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2006 साली जवाच्या पदार्थांवर हृदयाला हितकर असं लिहायला परवानगी दिली. पण सावकाश उतरते म्हणजे उतरत नाही असं नव्हे, आणि वर मध घातला तर फायदा तिथंच संपतो. जवात ग्लुटेनही असतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी जव टाळावा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी बार्लीचं पाणी विचारूनच घ्यावं.

मग आम्ही किताबाकडंही पुन्हा गेलो. अबू दाऊदमध्ये एक वाकिया आहे. हजरत अली नुकतेच आजारातून उठले होते. लटकलेल्या घोसातल्या खजुरा खाऊ लागले, तर हुजूरांनी त्यांना थांबवलं. उम्मे मुन्जिर यांनी जव आणि बीटचा पाला शिजवून आणला, तेव्हा हे घ्या म्हणाले. म्हणजे जवाबरोबर परहेजही होतं. आम्ही जव तेवढा उचलला होता. दुसरी गोष्ट बुखारीतली. त्या काळी मदिन्यात जवाचं पीठ चाळत नसत. दळून फुंकर मारायची, कोंडा उडेल तेवढा उडेल, बाकी मळून घ्यायचं. आज आम्ही पांढरी, घासलेली बार्ली शोधतो आणि चोथ्याच्या गोळ्या वेगळ्या विकत घेतो.

अम्मी आता ठीक आहे. सकाळी आधी गोळी, नाश्त्याला पेज. दोन चमचे जवाचं पीठ कपभर थंड पाण्यात कालवायचं, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत शिजवायचं, शेवटी थोडं दूध. मध नाही, खजूर नाही. बाकी जेवणात ज्वारीची भाकरीच. तिच्यातही चोथा आहे, ती आपल्या मातीतली आहे आणि खिशालाही परवडते. गरिबाला जवाच्या महाग पुड्यांमागं पळवण्यात काही सवाब नाही.

वर्गात तलबिन्याची हदीस आम्ही अजूनही सांगतो. सांगून झालं की मुलांना विचारतो, घरी कुणाला शुगर आहे? निम्मे हात वर जातात. मग अम्मीची हकीकत सांगतो, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत हे घरी जाऊन सांगा म्हणतो. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "फिर वो पेज किसलिए?"

आम्ही म्हटलं, "घर में कोई रो रहा हो ना बेटा, तो बना के उसके पास बैठने के लिए."