केळव्याचं लोकेशन

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

नव्या वर्षाची गर्दी ओसरते न ओसरते तोच शनिवार-रविवारची सुरू. शेजारच्या काकू घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. खोल्या, स्वयंपाक, हिशेब सगळं त्यांचं. फक्त मोबाइलवरचं काम माझ्या गळ्यात. दुपारी पुण्याच्या पाहुण्यांचा फोन आला. "काका, माहीम बीचवर पोचलोय. पण इथे सुरूची झाडं कुठे दिसत नाहीत." मागे गाड्यांचा नुसता गोंगाट. म्हटलं, "तुम्ही मुंबईच्या माहीमला पोचलात. आमचं केळवे-माहीम तिथून शंभरेक किलोमीटर पुढे."

फोनमधल्या नकाशाला दोष देण्यात अर्थ नाही. हा घोळ त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. राजवाड्यांनी १९२४ साली 'महिकावतीची बखर' छापली, तेव्हापासून त्यातलं माहीम नेमकं कोणतं, इथलं की मुंबईतलं, यावर जाणती माणसं वाद घालतायत. पुणेकरांचं डिझेल गेलं, एवढंच.

रेल्वेनं येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. ते केळवे रोडला उतरतात आणि जिना उतरून समुद्र शोधू लागतात. या मार्गावर स्टेशनच्या नावात 'रोड' आलं की गाव लांब समजावं, हे त्यांना रिक्षावालाच सांगतो.

शनिवार, ३ जानेवारी

पौष पौर्णिमा, म्हणजे उधाण. पाहुण्यांना भरतीची वेळ कळवायची म्हणून मी मोबाइल उघडला. त्यात केळवे नव्हतंच. जवळच्या बंदराची वेळ होती. तेवढ्यात मच्छीमारांच्या मांगेलवाड्यातले तात्या वाडीत नारळ न्यायला आले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पंधरावी तिथी. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार. सव्वाअकरा." तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, की भरतीची वेळ आली. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मोबाइलच्या आणि तात्यांच्या वेळेत थोड्याच मिनिटांचा फरक निघाला, आणि तात्यांना रेंज लागली नाही.

पाणी दुपारी सुरूच्या बुंध्यांकडे झेपावत होतं. सकाळपासून आलेले पाहुणे खूश. संध्याकाळी मात्र दुसरी मंडळी सूर्यास्त बघायला पोचली, तेव्हा ओहोटी. उधाणाच्या दिवशी पाणी जितकं वर चढतं तितकंच आत ओढतं. कॅमेरे सरसावून आलेले लोक ओल्या वाळूतून समुद्राच्या मागे चालत सुटले.

रात्री दोन्ही कुटुंबांचे अभिप्राय आले. एकाचा : "समुद्र अगदी पायाशी. पाच तारे." दुसऱ्याचा : "जेवण उत्तम, खोली स्वच्छ, पण समुद्र फार लांब. तीन तारे." काकूंनी दोन्ही वाचायला लावले. मग म्हणाल्या, "दोन तारे समुद्राकडून वसूल करायचे का?"

मंगळवार, ६ जानेवारी

मिक्सरचं भांडं मागवायचं होतं. फॉर्ममध्ये जिल्हा निवडायची यादी आली. पालघर नाही, ठाणे आहे. आमचा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, राज्यातला छत्तिसावा. अकरा वर्षं उलटली तरी काही याद्यांमध्ये आम्ही अजून ठाणेकरच. निमूटपणे ठाणे निवडलं. पुढच्या चौकटीत 'जवळची खूण' मागितली होती. शितलादेवीचं देऊळ, तिथून डावीकडे, नागवेलीच्या वाडीला लागून, असं लिहायला घेतलं, तर अक्षरं संपली. 'वाडीला' वरच थांबावं लागलं.

काही बिघडत नाही. कुरियरचा मुलगा पत्ता वाचतच नाही. फोन करतो आणि विचारतो, "काका, मागच्या वेळचंच घर ना?"

गुरुवार, ८ जानेवारी

मासळी घ्यायला गेलो. यूपीआय २०१६ साली आलं. आता तर पाटीवर बसलेल्या मावशींकडेही पैसे आल्याचं मोठ्यानं ओरडणारा डबा आहे. सोय खरी, पण या धंद्यात भाव कानात सांगायचा असतो. मावशींनी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला सुरमईचा तुकडा दिला, गिऱ्हाइकानं मोबाइल दाखवला आणि डबा गरजला, "चारशे रुपये प्राप्त झाले." पलीकडे उभ्या बाईंनी ताबडतोब तोंड उघडलं. "तिला चारशे? आणि मला साडेपाचशे सांगतेस?"

मावशी गडबडल्या नाहीत. "तिचा शेपटाकडला होता," म्हणाल्या, आणि डबा उचलून ओल्या गोणपाटाखाली सारला. त्यानंतर माझे पैसे गेले तेव्हा बर्फाच्या पेटीजवळून नुसती कुणी कण्हल्यासारखी घरघर ऐकू आली. किती प्राप्त झाले ते मावशींना आणि मलाच ठाऊक. माझा तुकडा कुठला होता, हे मात्र घरी गेल्यावर कळलं.

शनिवार, १० जानेवारी

वसईला लग्न. मुंबईची लोकल २०१३ च्या एप्रिलपासून डहाणूपर्यंत धावू लागली आणि आम्हीही उपनगरवाले झालो. तिकीट मोबाइलवर निघतं, पण एक अट : काढताना तुम्ही स्टेशनात असता कामा नये. फलाटावर पाय ठेवला की मोबाइल तिकीट देत नाही. प्रवासाला निघालेल्या माणसानं आपण अजून पोचलो नाही, हे आधी सिद्ध करायचं.

आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे. गावातून स्टेशनला जाताना मध्ये रेंज जाते. ती परत येते आणि स्टेशनची हद्द लागते, या दोहोंमध्ये रस्त्याचा छोटासा तुकडा आहे. शेअर रिक्षावाल्याला तो पाठ. तिथे आला की वेग कमी करतो आणि मान न वळवता ओरडतो, "काढा तिकिटं!" मागच्या सीटवरचे आम्ही चौघं एकदम माना खाली घालतो. सगळ्यांची निघाली की कुणीतरी "चल" म्हणतं. एकाचं अडलं तर रिक्षा बाजूला घेऊन उभी. गाडी चुकायची वेळ आली तरी कुणी कुरकुरत नाही; उद्या आपलंही अडणार असतं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून तिळगुळाचे शंभर फोटो आले, खरा लाडू दुपारपर्यंत एकही नाही. शेवटी काकूंनीच वाटी पाठवली आणि पाठोपाठ स्वतः आल्या, कारण सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे आणि जाहिरात टाकायची होती. तीन ताऱ्यांचं शल्य गेलेलं नव्हतं. या वेळी मजकूर त्यांनी तोंडी सांगितला, मी टाइप केला, आणि मला एक शब्द बदलू दिला नाही :

"दोन खोल्या, घरगुती जेवण. शनिवारी रात्री उकडहंडी : कोनफळ, रताळी, वांगी, वालपापडी, पाण्याचा थेंब न घालता मडक्यात. भरती शनिवारी संध्याकाळी साडेचारला, रविवारी सव्वापाचला, सोमवारी सहाला. भांगाचं पाणी आहे, फार वर येणार नाही. दुपारी समुद्र लांब असतो, त्या वेळात जेवून घ्यावे. माहीम पालघरचे, मुंबईचे नव्हे."

वेळा मी तात्यांच्या रीतीनं ताडून पाहिल्या. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, बरोबर होत्या.

पाच मिनिटांत बोरिवलीहून चौकशी आली. आठ माणसं, दोन्ही खोल्या हव्यात, उकडहंडीही हवी. फक्त सोमवारी लवकर निघायचंय, तर समुद्राची वेळ थोडी अलीकडे होईल का?

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी लाडवाचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "जेवणाची होईल म्हणून कळव."