खातं पोरीचं, मेसेज बापाला

मुरगुडात घरोघरी दूध आणि ऊस. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल खात्यावर जमा होतं, आणि ते आलं का बघायला बाप आपला फोन कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या हातात देतो. उसाचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, थकलेलं व्याज, घरातला सगळा व्यवहार तिला ठाऊक असतो. ती त्यातलं अक्षर बाहेर बोलत नाही. हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो, म्हणूनच त्याची उलटी बाजू सलते.

तिचं स्वतःचं खातं शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. त्याला नंबर बापाचा. आता ती बी.कॉम.ला आहे, तरी स्टँडवर तिनं वडापाव घेतला की वेदगंगेकाठच्या रानात बापाच्या खिशातला फोन वाजतो. रात्री जेवताना विचारणा होते, "एकशेचाळीस कुणाला दिलंस गं?" औषधाच्या दुकानातली खरेदी, अडलेल्या मैत्रिणीला दिलेले उसने पैसे, हे सगळं भावाचुलत्यांसमोर ताटावर बसून सांगता येत नाही. मग पोरगी रोखीनं खर्च करू लागते. लपवायची सवय लागते ती अशी.

एकदा बँकेत एक गृहस्थ खिडकीशी वाकून म्हणाले, "पोरीच्या खात्यावर किती हाईत, बघा की जरा." आतून उत्तर आलं, "तिलाच घेऊन या." त्यांचा चेहरा पडला. पण आतला माणूस बरोबर होता. १८७५ च्या कायद्यानं अठरा पूर्ण झालेला माणूस सज्ञान असतो. ग्राहकाचा व्यवहार बँकेनं गुप्त ठेवायचा, हे तत्त्व इंग्लंडमधल्या १९२४ च्या टूर्नियर खटल्यापासून रुजलं. त्याला अपवाद चार : कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. त्यात बापाचं नातं नाही. संमती मात्र आहे, आणि ती पोरीनं द्यायची असते. शैक्षणिक कर्जाला बाप सहकर्जदार असेल, तर त्या कर्जखात्याचा हिशेब त्यानं जरूर मागावा. बचत खात्याची गोष्ट वेगळी.

आईबापाची भीती खोटी नाही. मोबाइलवरच्या जुगारात पोरं पैसे घालवतात. "तुझं खातं वापरायला दे, दोन हजार देतो," म्हणणारे भेटतात, आणि फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरला की पोलिसांची नोटीस पोराच्या नावानं येते. पण मेसेज येतो तेव्हा पैसे गेलेले असतात. त्याआधी पोरगं घरी येऊन बोललं तरच काही वाचतं, आणि रोज झडती होणाऱ्या घरात पोरं बोलत नाहीत.

तेव्हा आईबापांना माझी विनंती आहे : पोरगी अठराची झाली की तिला घेऊन शाखेत जा, खात्याला तिचा नंबर जोडून द्या, आणि खात्यातलं काही विचारायचं असेल तर तिलाच विचारा, चारचौघांत नको.